गाणं लाखोंच्या ओठांवर, नाव मात्र विस्मरणात : संगीतकार वसंत देसाई

सकाळी शाळेची घंटा होते. पोरं ओळीनं उभी राहतात, हात जोडतात, डोळे मिटतात आणि प्रार्थना सुरू होते. पिरनवाडी असो, खानापूर असो की निपाणी, आपल्या भागात शाळा शिकलेल्या कितीतरी जणांना 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमातली प्रार्थना आजही पाठ आहे. ज्यांनी तो सिनेमा कधी पाहिलाच नाही, त्यांनाही ती येते. गाणं कुणी गायलं असं विचारलं तर लता मंगेशकरांचं नाव येतं. सिनेमा कुणाचा म्हटलं की व्ही. शांतारामांचं. पण चाल कुणाची, या प्रश्नाला बहुतेकजण थांबतात.

ती चाल वसंत देसाई यांची. २२ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. १९७५ साली याच तारखेला मुंबईत त्यांचा अपघाती मृत्यू झाला. पंचेचाळीस वर्षं ते सिनेमाच्या धंद्यात होते. त्यातली पहिली बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली गेली.

घाटाखालचा मुलूख

बेळगावातून वेंगुर्ल्याचा रस्ता धरला की शिनोळी, चंदगडचा भाग मागं टाकत आंबोली लागते. घाट उतरला की सावंतवाडी आणि तिथून पुढे कुडाळ. बेळगावचा बाजार आणि तळकोकण यांना जोडणारी ही जुनी वाट. त्या कुडाळजवळच्या सोनवडे गावात ९ जून १९१२ रोजी वसंत देसाईंचा जन्म झाला. तेव्हा हा सगळा भाग सावंतवाडी संस्थानात होता.

हा मुलूख दशावताराचा आणि भजनाचा. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार उभा राहतो, पेटी-मृदंग-झांजा वाजत राहतात, आणि बघणारं गाव पहाटेपर्यंत हलत नाही. भजनात बुवा एक ओळ म्हणतो, बाकीचे ती झेलतात. ज्याचा गळा गोड तोही गातो, ज्याचा नाही तोही गातो. देसाईंच्या पुढच्या कामाकडे बघताना हे ध्यानात ठेवायला हवं. एकानं सुरू करायचं आणि साऱ्यांनी उचलून धरायचं, हा प्रकार त्यांच्या संगीतात शेवटपर्यंत टिकला.

कोल्हापुरातली उमेदवारी

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. तिच्या भागीदारांपैकी शांताराम वणकुद्रे म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. त्यांनी त्याआधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आणि तिथल्याच पत्र्याच्या थिएटरात उमेदवारी केलेली. सिनेमाच्या वेडानं कोल्हापूर गाठणाऱ्या पोरांची तेव्हा कमी नव्हती. सतरा-अठरा वर्षांचे देसाई त्यातलेच एक.

सुरुवातीचे सिनेमे मुके. गाण्याचा प्रश्नच नव्हता. १९३० च्या 'खुनी खंजर' या मूकपटात देसाईंनी काम केलं. पण खरी संधी आली ती सिनेमा बोलू लागल्यावर. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातनं आणला. गोविंदराव टेंबे त्याचे नायकही होते आणि संगीतकारही. या बोलपटात देसाई गायले आणि टेंब्यांच्या हाताखाली संगीताचं कामही शिकू लागले.

आज गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि नट नुसते ओठ हलवतो. त्या काळात तसं नव्हतं. कॅमेरा चालू असतानाच नटानं गायचं आणि वादकांनी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी बसून साथ करायची. कुणाचा एक सूर चुकला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी संगीत विभागातल्या पोराला पडेल ते काम करावं लागायचं आणि त्यातूनच तो शिकायचा.

पुढं प्रभातनं कोल्हापूर सोडून पुणं गाठलं. देसाईही गेले. तिथं टेंब्यांनंतर केशवराव भोळे आले, मग मास्टर कृष्णराव आले. तिघांच्या तीन तऱ्हा. टेंबे म्हणजे नाट्यसंगीताची घरंदाज परंपरा आणि पेटीवरची हुकमत. भोळे प्रयोग करणारे. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये त्यांनी नेहमीचं पार्श्वसंगीत बाजूला ठेवून प्रत्यक्षातल्या आवाजांवर प्रसंग उभे केले. मास्टर कृष्णराव भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, सहज सुचणाऱ्या चालींचे धनी. १९४१ च्या 'शेजारी'तलं त्यांचं भव्य समूहगीत तर प्रभातच्या इतिहासात अजरामर झालं.

देसाई हे सगळं जवळून बघत होते. मधूनमधून 'धर्मात्मा', 'संत ज्ञानेश्वर' अशा सिनेमांत छोट्या भूमिकाही करत होते. पडद्यावर नाव नाही, स्वतःची चाल नाही, अशी दहा-बारा वर्षं काढणं सोपं नसतं. बरोबरीची माणसं पुढं जातात. घरून विचारणा होते. पण देसाईंच्या बाबतीत हीच वर्षं त्यांची पाठशाळा ठरली. औपचारिक शिक्षण देणाऱ्या संगीत विद्यालयात जे एका छपराखाली मिळालं नसतं, ते प्रभातमध्ये मिळालं.

राजकमलचे दिवस

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभं केलं. त्याच वर्षी 'शोभा' या सिनेमाला देसाईंनी स्वतंत्रपणे संगीत दिलं. लगेच १९४३ साली राजकमलचा पहिला सिनेमा 'शकुंतला' आला. कालिदासाची शकुंतला, जयश्रीबाईंची भूमिका आणि देसाईंचं संगीत. मुंबईच्या स्वस्तिक थिएटरात हा सिनेमा १०४ आठवडे चालला. तिशी ओलांडलेल्या देसाईंचं नाव त्यानं पक्कं केलं.

मग १९४६ ला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनच्या युद्धात जखमींची सेवा करायला गेले आणि तिथंच वारले, त्यांची ही गोष्ट. एकाच सिनेमात इकडचं सोलापूर आणि तिकडचा चीन संगीतातून उभा करायचा होता.

१९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी' तर मराठी सिनेमाला वेगळ्याच वळणावर घेऊन गेला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांची कामं, ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि देसाईंचं संगीत. तोपर्यंत पांढरपेशा घरांत लावणीचं नाव काढायची चोरी होती. ढोलकी आणि तुणतुणं त्यांनी दिमाखात पडद्यावर आणलं. बोर्डावरची लावणी बायाबापड्यांनी घरात गुणगुणायला सुरुवात केली. पुढची वीस-पंचवीस वर्षं मराठीत तमाशापटांचा जो पूर आला, त्याची सुरुवात इथली.

१९५१ ला 'अमर भूपाळी'. होनाजी बाळा या गवळी शाहिराची कथा. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांनी गायलेली होनाजीची भूपाळी पहाटे रेडिओवर लागली की घरातली कामं दोन मिनिटं थांबायची. १९५२ च्या कान महोत्सवात या सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे शब्द देसाईंनी अशा चालीत बसवले की ते जुन्या काळापासून असेच गायले जात असावेत, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला सिनेमा. त्याचंही संगीत देसाईंचं. साने गुरुजींचं कोकण आणि देसाईंचं कोकण यांत अंतर फार नव्हतं. द्रौपदी आणि कृष्णाच्या नात्याचं त्यातलं गाणं आजही राखी आणि भाऊबीजेला हमखास ऐकू येतं. त्याच सुमाराला सोहराब मोदींच्या 'झाँसी की रानी' या मोठ्या रंगीत सिनेमाचं कामही त्यांच्याकडे होतं.

उस्तादांना सिनेमात आणणारा माणूस

१९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये नृत्य हाच विषय. नायक गोपीकृष्ण, नायिका संध्या. शीर्षकगीतासाठी देसाईंनी इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांना गळ घातली. मैफलीतला एवढा मोठा गवई सिनेमासाठी गायला आणि अडाणा रागातलं ते गाणं पानपट्टीच्या ठेल्यापर्यंत पोचलं. याच सिनेमाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर वाजलं. काश्मीरबाहेर फारसं कुणी न ऐकलेलं हे वाद्य हिंदी सिनेमात आलं ते असं.

सिनेमाच्या गाण्याला साडेतीन मिनिटं मिळतात. ख्याल तेवढ्या वेळात आळसही झटकत नाही. मग रागाचं सत्त्व ठेवायचं, पसारा आवरायचा आणि रसिक नसलेल्या माणसालाही ते गोड लागलं पाहिजे, ही तारेवरची कसरत देसाईंना साधली होती.

चार वर्षांनी, १९५९ ला, विजय भट्ट यांचा 'गूंज उठी शहनाई' आला. नायक सनईवाला. पडद्यावर राजेंद्रकुमार आणि सनई मात्र उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची. सोबत सतारीला अब्दुल हलीम जाफर खाँ. सिनेमा तुफान चालला. लग्नाच्या मांडवात आणि देवळाच्या नगारखान्यात वाजणारी सनई देशभरातल्या थिएटरांत दुमदुमली. पुढं हेच खाँसाहेब डॉ. राजकुमार यांच्या 'सनादी अप्पण्णा' या कन्नड सिनेमासाठी वाजवायला आले, हे आपल्या भागातल्या जुन्या सिनेमावेड्यांना आठवत असेलच.

कैद्यांच्या गळ्यातली प्रार्थना

या दोन सिनेमांच्या मध्ये, १९५७ साली, 'दो आँखें बारह हाथ' आला. या कथेचं मूळ आपल्यापासून फार लांबचं नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत होती. तिथं खुनाची शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न कोंडता शेतीवर राबवून माणसात आणण्याचा प्रयोग झाला. त्यावरून माडगूळकरांनी कथा लिहिली. सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, एवढाच पसारा.

अशा सिनेमात प्रार्थना हवी होती. गाणारे कोण, तर खून करून आलेले अडाणी गडी. त्यांच्या तोंडी ताना-मुरक्यांची चाल शोभली नसती. मंदिरातल्या पुजाऱ्याचा सूरही उपरा वाटला असता. भरत व्यासांच्या हिंदी शब्दांना देसाईंनी जी चाल दिली ती साधी, संथ, पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी. श्वास घ्यायला जागा आहे. सूर फार वर जात नाही, फार खालीही उतरत नाही. एका आवाजानं उचललेली ओळ समूह झेलतो आणि सहज पुढं नेतो. सोनवड्याच्या भजनातला तोच प्रकार.

म्हणून ती शाळांत गेली. गाणं न शिकलेल्या पोरालाही ती म्हणता येते. पाच पोरं बेसूर असली तरी पन्नास जणांत ती झाकली जातात. कुठल्या एका देवाचं नाव नसल्यानं हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, लिंगायत, जैन अशी सगळी मुलं एका ओळीत उभी राहून ती म्हणू शकतात. मराठी आणि कन्नड अशी घरं शेजारी शेजारी नांदणाऱ्या गावांत या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ च्या बर्लिन महोत्सवात बक्षीस मिळालं. पण त्याची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे शाळेच्या आवारातली ही प्रार्थनाच.

राजकमलबाहेर

इतकं सगळं होऊनही शांतारामांच्या पुढच्या 'नवरंग'चं संगीत सी. रामचंद्र यांच्याकडे गेलं. पंधरा वर्षं ज्या कंपनीच्या नावाशी आपलं नाव जोडलं गेलं, तिथून बाहेर पडून नव्यानं उभं राहणं पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला जड जातं. तोवर देसाई म्हणजे शांतारामांचे संगीतकार, असा शिक्का बसला होता. 'गूंज उठी शहनाई'च्या यशानं तो काही अंशी पुसला. पण साठचं दशक आलं तसा हिंदी सिनेमा बदलत चालला. रंगीत सिनेमे, डोंगरदऱ्यांतली प्रेमगीतं, पाश्चात्त्य वाद्यांचे ताफे. राग आणि लोकसंगीत यांवर उभ्या असलेल्या देसाईंकडे मोठ्या बॅनरचे सिनेमे कमी येऊ लागले.

देसाई रिकामे मात्र बसले नाहीत. ते नाटकाकडे वळले. ललितकलादर्श या नाटक कंपनीचं नाव आपल्या भागाला नवं नाही. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ती हुबळीतच काढली होती. भालचंद्र पेंढारकरांच्या काळात याच कंपनीनं विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' १९६० ला रंगभूमीवर आणलं. संगीत देसाईंचं. मरगळलेल्या संगीत नाटकाला त्यानं पुन्हा उभारी दिली. पुढं 'जय जय गौरीशंकर'ही गाजलं.

बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी देसाईंनी एक द्वंद्वगीत केलं. त्यात एक आवाज होता कुमार गंधर्वांचा. कुमारजी म्हणजे बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली. दुसरा आवाज मुंबईत बँकेत नोकरी करणाऱ्या एका तमिळ मुलीचा. मराठी तिची भाषा नव्हे आणि समोर कुमार गंधर्व. तरी देसाईंनी तिच्यावर भरवसा टाकला. ती वाणी जयराम. १९७१ ला हृषीकेश मुखर्जींच्या 'गुड्डी'त देसाईंनी तिलाच गायला लावलं आणि मियाँ मल्हारातल्या गाण्यानं ती देशभर पोचली. त्याच सिनेमात केदार रागातली आणखी एक प्रार्थना आहे. तीही पुढं शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली. एकाच माणसाच्या दोन सिनेमातल्या दोन प्रार्थना शाळांनी आपल्या मानल्या, असं उदाहरण सापडणं अवघड.

मुखर्जींच्याच १९६८ च्या 'आशीर्वाद'मध्ये अशोककुमारनं मुलांना जमवून आगगाडीचं जे गाणं म्हटलं, तेही देसाईंचंच. आणि १९७३ ला गुलजारांच्या 'अचानक'ला त्यांनी संगीत दिलं, ज्यात एकही गाणं नाही. गाण्यांचा बादशहा गाण्याविना सिनेमा पेलू शकतो, हेही दिसलं.

संयुक्त राष्ट्रांपासून शाळेच्या मैदानापर्यंत

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बलक्ष्मी यांचं गाणं झालं. कांचीच्या शंकराचार्यांनी, चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी, त्या प्रसंगासाठी संस्कृतात एक रचना केली होती. जगानं वैर सोडावं, युद्ध टाकावं, परस्परांशी मैत्रीनं वागावं, असा तिचा आशय. त्या रचनेला चाल दिली वसंत देसाईंनी. शब्द तमिळ देशीच्या संन्याशाचे, गळा कर्नाटक संगीतातल्या थोर गायिकेचा आणि चाल कोकणातल्या मराठी माणसाची. दक्षिणेत आजही ती घरोघरी भक्तिभावानं ऐकली जाते. तिथंही चालीचा धनी कोण, हे थोड्यांनाच ठाऊक.

१९६२ च्या चीन युद्धानंतर देशभर देशभक्तीच्या गाण्यांची लाट आली. त्या पार्श्वभूमीवर १९६३ ला राम गबाले यांचा 'छोटा जवान' आला, त्याचं संगीत देसाईंनी केलं. पण ते स्टुडिओत थांबले नाहीत. हजारो शाळकरी मुलांना एकत्र बसवून एका सुरात गायला शिकवण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. सिनेमातल्या एका गाण्याचे चांगले पैसे मिळण्याच्या काळात पोरांचा कालवा सांभाळत ओळ-ओळ घोटून घेणं ही हौसेची नव्हे, तळमळीची गोष्ट. समूहगायन म्हणजे नुसतं मोठ्यानं ओरडणं नव्हे. शेजाऱ्याचा सूर ऐकून आपला सूर लावावा लागतो, आपला आवाज सगळ्यांच्या आवाजात विरघळू द्यावा लागतो. मुलांना हे एकदा कळलं की गाण्यापलीकडचंही बरंच काही कळतं.

अखेर

२२ डिसेंबर १९७५. त्या दिवशीही देसाई ध्वनिमुद्रणाचं काम आटोपून घरी परतले होते. राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय ६३. हातात कामं होती. 'शक' हा सिनेमा त्यांच्या मागं, १९७६ ला, पडद्यावर आला.

देसाईंच्या वाट्याला आलेली प्रसिद्धी ही अशी. सिनेमा शांतारामांचा म्हणून लक्षात राहिला, सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची म्हणून, भूपाळी होनाजीची म्हणून. प्रार्थना तर कुणाचीच राहिली नाही, ती सगळ्यांची झाली. एका बाजूनं हा अन्यायच आहे. ज्यानं आयुष्य घातलं त्याचं नाव गाण्यासोबत घेतलं जायला हवं. कुडाळहून कोल्हापूरला आलेल्या पोरानं बारा वर्षं उमेदवारी केली, हेही शाळेतल्या मुलांना सांगायला हवं.

उद्या सकाळी घंटा होईल. पोरं ओळीनं उभी राहतील, प्रार्थना म्हणतील. ती संपल्यावर एखाद्या गुरुजींनी किंवा बाईंनी अर्धं मिनिट जास्त घेऊन एवढंच सांगावं, की पोरांनो, ही चाल वसंत देसाईंची. आंबोलीचा घाट उतरला की त्यांचा मुलूख लागतो.